मायक्रोइमल्शन पॉलिमरायझेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोइमल्शन पॉलिमरायझेशन म्हणजे पाण्यात साबणाच्या मदतीने विखुरलेल्या इवल्याशा थेंबांतल्या मोनोमरच्या (लहान, जोडता येणाऱ्या रेणूंच्या) लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, बनवणं. त्याबद्दलचे हे प्रश्न मुख्यतः एम.एस्सी.च्या प्रकल्पाला बसलेल्या आणि पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींकडून येतात. काही रंग आणि लेपनाच्या कारखान्यांतूनही येतात. उत्तरांत उदाहरणाला सगळीकडे एकच मिश्रण धरलं आहे: १०० ग्रॅममध्ये साधारण ८२ ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणाचं काम करणारा सर्फॅक्टंट), ४ ग्रॅम १-पेंटॅनॉल (एक अल्कोहोल) आणि ५ ग्रॅम स्टायरीन (मोनोमर). १९८९ साली अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातल्या गटाने जवळपास याच प्रमाणावर सविस्तर काम केलं. शिकायला यापेक्षा सरळ मिश्रण मला तरी सापडलेलं नाही.

१. इमल्शन, मिनिइमल्शन आणि मायक्रोइमल्शन यांत नेमका फरक काय?

नावं फसवी आहेत. सर्वांत लहान थेंब ‘मिनि’त नसतात, ‘मायक्रो’त असतात. साध्या इमल्शनमधले मोनोमरचे थेंब एक मायक्रॉन आणि त्याहून मोठे. मिनिइमल्शनचे ५० ते ५०० नॅनोमीटर. मायक्रोइमल्शनचे बहुधा ५ ते ५० नॅनोमीटर.

खरा फरक आकाराचा नाही, स्थैर्याचा आहे. इमल्शन आणि मिनिइमल्शन जोर लावून बनवावी लागतात (मिनिइमल्शनला तर अल्ट्रासोनिक प्रोब किंवा होमोजिनायझरच लागतो) आणि ठेवून दिली की आज ना उद्या फुटतात. मायक्रोइमल्शन आपणहून जमतं आणि त्याच तापमानाला, त्याच प्रमाणात ठेवलं तर वर्षभरही तसंच राहतं. लेथवरचं दुधाळ कूलंट पाहिलं असेल, ते इमल्शन. हल्ली मिळणारं जवळजवळ पारदर्शक सेमी-सिंथेटिक कूलंट मायक्रोइमल्शनच्या घरातलं.

‘मायक्रोइमल्शन’ हा शब्द शुलमन आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली वापरात आणला. त्यात पॉलिमर बनवण्याचे पहिले प्रयत्न १९८० च्या आसपासचे.

२. म्हणजे प्रत्येक थेंब घट्ट होऊन त्याचा एक कण बनतो ना?

नाही. या विषयातली निम्मी गोंधळाची पत्रं या एका समजुतीतून येतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू आणि हिशेबच करू.

५ नॅनोमीटर व्यासाच्या थेंबात स्टायरीनचे रेणू बसतात साधारण ३४०. आता अभिक्रियेनंतर मिळणारा ३० नॅनोमीटरचा पॉलिस्टायरीनचा कण घ्या. घनता १.०५ धरली तर त्याचं वजन निघतं सुमारे ९० लाख डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), म्हणजे त्यात ८५ हजारांच्या आसपास मोनोमरचे रेणू गुंफलेले आहेत. ८५ हजार भागिले ३४०, म्हणजे २५०. एका कणामागे अडीचशे थेंब रिकामे झाले!

प्रत्यक्षात घडतं असं. पाण्यात तयार झालेला रॅडिकल (साखळी सुरू करणारा अतिक्रियाशील तुकडा) एखाद्या थेंबात शिरतो आणि तिथे साखळी सुरू होते. त्या थेंबातले ३४० रेणू पाहता पाहता संपतात. मग आजूबाजूच्या, रॅडिकल न मिळालेल्या थेंबांतला मोनोमर पाण्यातून झिरपत या वाढत्या कणाकडे येतो. थेंब हा साचा नव्हे, कोठार आहे.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून हाती लागते. इथे साखळ्यांचं वजन काही दशलक्ष डाल्टन असतं. कणाचंच वजन ९० लाख, म्हणजे एका कणात साखळ्या दोन-तीनच. साध्या इमल्शनच्या कणात त्या शेकड्यांनी असतात.

३. पॉलिमर ५ टक्के आणि साबण ९ टक्के! इतका सर्फॅक्टंट खरंच लागतो का?

लागतो, कारण पृष्ठभाग अफाट असतो. एक लिटर मिश्रणातलं ५० ग्रॅम स्टायरीन ५ नॅनोमीटरच्या थेंबांत वाटलं तर थेंबांचा एकूण पृष्ठभाग होतो जवळपास ६६ हजार चौरस मीटर, म्हणजे सोळा एकर. एवढं शेत एका फ्लास्कमध्ये साबणाने झाकायचं आहे.

अभिक्रिया संपल्यावर ३० नॅनोमीटरच्या कणांचा पृष्ठभाग मात्र जेमतेम अडीच एकर उरतो. बाकीच्या साडेतेरा एकरांचा साबण जातो कुठे? रिकाम्या मायसेल्समध्ये, म्हणजे मोनोमर नसलेल्या, साबणाच्या रेणूंच्या इवल्या पुंजक्यांत. हा उरलेला साबण पुढे मोजणीत (प्रश्न १०) आणि धुण्यात (प्रश्न १२) त्रास देतो. कमी साबणात काम भागवण्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

४. पेंटॅनॉल वगळलं तर चालेल का? वास सहन होत नाही.

या मिश्रणात नाही. एसडीएसची डोकी ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलतात. पेंटॅनॉलचे रेणू त्यांच्या मध्ये बसून हे भांडण सोडवतात आणि पडदा लवचिक करतात. त्याशिवाय इतक्या छोट्या थेंबांना हवी तेवढी वक्रता आणि कमी पृष्ठताण मिळत नाही. दोन शेपट्यांचे सर्फॅक्टंट, उदाहरणार्थ एओटी, किंवा डीटॅब आणि डीडॅबची जोडी अल्कोहोलशिवाय भागवतात.

वासाचं म्हणाल तर फ्यूम हूड. दुसरा उपाय नाही. शिवाय स्टायरीन ३१ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी वाफ देतं, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात उघड्या टेबलावर ते हाताळण्याचा प्रश्नच येत नाही.

५. मिश्रण नीट जमलं हे कसं ओळखायचं?

एसडीएस पाण्यात विरघळवा, फेस बसू द्या, स्टायरीन घाला आणि स्टररवर ठेवा. पांढरं, ताकासारखं दिसेल. आता पेंटॅनॉल ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडा. बराच वेळ काहीच होत नाही, मुलं कंटाळून फोनमध्ये बघायला लागतात, आणि मग तीन-चार थेंबांच्या अंतरात ताक निवळतं. फ्लास्कच्या मागे धरलेला छापील कागद वाचता येतो. तोवर किती पेंटॅनॉल लागलं तो आकडा वहीत लिहून ठेवा.

पण इथे थांबू नका. फ्लास्क अभिक्रियेच्या तापमानाच्या बाथमध्ये, इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारं रसायन) न घालता, तासभर ठेवा. खोलीच्या तापमानाला नितळ असलेलं मिश्रण ६० किंवा ७० अंशांना गढूळ होऊ शकतं, नॉन-आयॉनिक सर्फॅक्टंट असेल तर हमखास. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइडच्या मध्ये धरून पाहा. उजेड आरपार आला तर तो द्रवस्फटिक आहे, मायक्रोइमल्शन नाही.

६. इनिशिएटर घातल्यावर अर्धा तास काहीच घडत नाही. केपीएस (पोटॅशियम परसल्फेट) खराब झालं का?

बहुतेक वेळा दोष ऑक्सिजनचा किंवा इनहिबिटरचा (अभिक्रिया रोखणाऱ्या रसायनाचा) असतो. बाजारातल्या स्टायरीनमध्ये टर्ट-ब्युटिल कॅटेकॉल साधारण १० ते १५ पीपीएम घातलेलं असतं. ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून गाळा किंवा १० टक्के कॉस्टिकने धुऊन मग पाण्याने धुवा. काढल्यावर त्याच दिवशी वापरा.

नायट्रोजन सोडताना एक खुबी आहे. तयार मिश्रणातून अर्धा तास बुडबुडे सोडले तर फेस फ्लास्कबाहेर येतो आणि स्टायरीन-पेंटॅनॉल वाफेबरोबर निघून जातं, म्हणजे प्रमाणच बदलतं. त्यापेक्षा पाण्यातून आधी नायट्रोजन सोडून घ्या, मग बाकीचं मिसळा आणि पुढे नायट्रोजन फक्त पृष्ठभागावरून वाहू द्या.

७. इनिशिएटर कोणता घ्यावा: केपीएस, अमोनियम परसल्फेट की एआयबीएन?

तिन्हींनी कण बनतात. केपीएस पाण्यात विरघळतं, स्वस्त आहे, आणि ७० अंशांना त्याचं अर्धआयुष्य साधारण ८ तास. ६० अंशांना ते अडीच दिवसांपर्यंत लांबतं, म्हणून ‘१० अंशांनी काय फरक पडतो’ असं म्हणू नका. परसल्फेट फुटताना द्रावण आम्लधर्मी होत जातं आणि गरम आम्लात एसडीएस हळूहळू तुटून डोडेकॅनॉल देतं. चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट घातलेलं बरं.

एआयबीएन तेलात राहतं. एका इवल्याशा थेंबात दोन रॅडिकल एकदम जन्मले तर बहुधा एकमेकांनाच संपवतात, त्यामुळे त्याची कार्यक्षमता इथे कमी पडते.

दोन सापळे आहेत. सीटॅबसारखा धनभारित सर्फॅक्टंट वापरत असाल तर परसल्फेट घालू नका, दोघांचा पांढरा साका खाली बसतो. तिथे व्ही-५० हा धनभारित इनिशिएटर बरा. आणि एसडीएसबरोबर केपीएस असेल तर प्रश्न १५ वाचून मगच फ्रिजचं दार उघडा.

८. अभिक्रिया चालू झाली हे डोळ्यांनी कळतं का?

कळतं, आणि हे पाहण्यासारखं असतं. मिश्रण आधी पाण्यासारखं नितळ. मग बाजूने पाहिलं तर निळसर झाक येते, धुनीच्या धुरासारखी. फ्लास्क दिव्यासमोर धरला तर आरपार येणारा उजेड पिवळट-तांबूस दिसतो. लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. व्यास ५ वरून ३० झाला, म्हणजे एका कणामागे ४६ हजार पटींहून अधिक. कणांची संख्या अडीचशे पटींनी घटते, तरी निव्वळ वाढ पावणेदोनशे-दोनशे पट उरतेच.

निळी झाक म्हणजे तब्येत ठीक. दुधासारखं पांढरं झालं तर प्रश्न १४.

झाक किती गडद झाली यावरून कन्व्हर्जन (मोनोमरपैकी किती टक्क्यांचा पॉलिमर झाला ते) सांगायचा मोह होतो. तो टाळा. विखुरणं संख्येवरही अवलंबून असतं आणि व्यासावरही, आणि दोन्ही एकाच वेळी बदलत असतात.

९. कन्व्हर्जन कसं मोजायचं? वजनाची पद्धत जुनाट नाही का?

जुनाट आहे आणि भरवशाची आहे. ठरावीक वेळाने सिरिंजने दोनेक ग्रॅम नमुना काढा. आधीच तोललेल्या ॲल्युमिनियमच्या बशीत, हायड्रोक्विनोनच्या द्रावणाचा एक थेंब टाकून बर्फावर ठेवलेल्या, तो सोडा. लगेच तोला. मग ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

समजा, नमुना २.००० ग्रॅम आणि वाळल्यावर उरले ०.२३८ ग्रॅम. या नमुन्यात एसडीएस होता ०.१८० ग्रॅम, इनिशिएटर आणि हायड्रोक्विनोन मिळून ०.००१ ग्रॅम. तेवढं वजा केलं की पॉलिमर उरतो ०.०५७ ग्रॅम. सुरुवातीचं स्टायरीन ०.१०० ग्रॅम. कन्व्हर्जन ५७ टक्के.

आता नीट बघा. बशीत जे वाळलं त्यात तीन-चतुर्थांश साबणच आहे. तोलण्यात दोन मिलिग्रॅम चुकलं की उत्तर दोन टक्क्यांनी हलतं. म्हणून तराजू चार दशांश स्थळांचा हवा, आणि इनिशिएटर न घातलेल्या मिश्रणाचा शून्याचा नमुना दर वेळी त्याच ओव्हनमध्ये ठेवायला हवा.

नमुना न काढता मोजायचं असेल तर तीन वाटा आहेत. पहिली डायलॅटोमीटर: स्टायरीनची घनता ०.९०६, पॉलिमरची १.०५, म्हणजे १०० ग्रॅम मिश्रण पूर्ण होईपर्यंत साधारण पाऊण मिलीने आकसतं. ते बारीक नळीत छान दिसतं, पण ६० अंशांच्या पुढे बाथ अर्धा अंश जरी सरकला तरी पाण्याच्या प्रसरणामुळे तीन-चार टक्के कन्व्हर्जनची चूक होते. दुसरी उष्णतामापन: स्टायरीन मोलमागे सुमारे ७० किलोज्यूल देतं. एका लिटरमधली सगळी उष्णता आतच कोंडली तरी तापमान आठेक अंशच वाढेल, त्यामुळे साध्या थर्मामीटरने काही हाती लागत नाही, रिॲक्शन कॅलोरीमीटर हवा. तिसरी, माझ्या आवडीची, रामन. पाण्याचा रामन सिग्नल क्षीण असल्याने ते आड येत नाही. १६३० सेंटिमीटर व्यस्तांकाजवळचा व्हिनाइलचा पट्टा उतरत जातो आणि १००० जवळचा बेंझीन कड्याचा पट्टा जवळपास जागेवर राहतो. दोघांचं गुणोत्तर काढा. पण ज्यांच्याकडे प्रोब आहे त्यांनाही मी सांगतो, पहिल्या दोन बॅचेस वजनाशी ताडून घ्या.

१०. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) एकाच नमुन्याला ४, ३० आणि ३०० नॅनोमीटर अशी तीन उत्तरं येतात. कोणतं लिहू?

तिघेही आपापल्या परीने खरं बोलत आहेत. ४ च्या आसपासचं शिखर प्रश्न ३ मधल्या रिकाम्या मायसेल्सचं. ‘नंबर’चा आलेख उघडला की तेच मोठं दिसतं, आणि अनेक जण आनंदाने ‘चार नॅनोमीटरचे कण’ म्हणून लिहून टाकतात. ३०० चं शिखर बहुधा धुळीचं किंवा गुठळीचं. ३०० नॅनोमीटरचा एक कण ३० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांच्या बरोबरीने प्रकाश विखुरतो, त्यामुळे ‘इंटेन्सिटी’च्या आलेखात तो नेत्यासारखा पुढे उभा राहतो. गाळलेलं पाणी वापरा, क्युव्हेट धुवा, पुन्हा मोजा.

न पातळ केलेला नमुना मोजू नका. भारित कण एकमेकांना ढकलत असल्याने व्यास खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पातळ करून दोन-तीन संहतींना मोजा. मात्र अर्धवट झालेल्या अभिक्रियेचा नमुना पातळ केला की उरलेल्या मोनोमरचे थेंब फुटतात आणि गढूळपणा येतो. तो आकडा कणाचा नव्हे. मधल्या वेळेचा आकार हवा असेल तर आधी अभिक्रिया थांबवून मोनोमर काढून टाका.

टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) करून घ्यायचं असेल तर पवईच्या आयआयटीतल्या सैफसारख्या केंद्रात बाहेरचे नमुनेही घेतात. भरपूर पातळ केलेला आणि साबण काढलेला नमुना न्या, नाहीतर जाळीवर साबणाच्या सायीशिवाय काही दिसत नाही. पीएमएमए (एक ॲक्रिलिक पॉलिमर) असेल तर इलेक्ट्रॉनच्या झोतात कण आकसतात, हेही ध्यानात असू द्या.

११. आलेखात स्थिर वेगाचा टप्पाच नाही. पुस्तकात तर आहे.

पुस्तकातला आलेख साध्या इमल्शनचा आहे. तिथे कण बनणं लवकर थांबतं, मोठे थेंब मोनोमर पुरवत राहतात आणि वेग मधे सपाट होतो. मायक्रोइमल्शनमध्ये थेंब इतके असतात की नवे कण बराच काळ जन्मतच राहतात. म्हणून वेग चढतो, एका शिखराला पोचतो आणि उतरतो. दोनच टप्पे.

हेक्सिल मेथॅक्रिलेट या मोनोमरवर काम करताना डेलावेअर विद्यापीठातल्या मॉर्गन, केलर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेल्या प्रारूपानुसार हे शिखर ३९ टक्के कन्व्हर्जनला यायला हवं. स्टायरीनला ते आधीच, २० ते २५ टक्क्यांजवळ येतं. तुमचं २२ ला आलं म्हणून प्रयोग चुकला असं समजू नका.

१२. साबण काढायचा कसा?

डायलिसिस, आयन-एक्स्चेंज रेझिन किंवा मेथॅनॉलमध्ये साका पाडणं. फक्त रेणुभार काढायचा असेल तर तिसरा मार्ग सोपा, पण त्यात कण चिकटतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत. कण हवे असतील तर डायलिसिस, बाहेरचं पाणी दिवसातून दोनदा बदलून, सबुरीने. सगळा साबण काढायच्या हट्टाने गुठळ्या होतात.

१३. कारखान्यात एवढा साबण परवडत नाही. काही तोड?

मोनोमर एकदम घालू नका. थोड्या मायक्रोइमल्शनने बीज-कण बनवा आणि उरलेला मोनोमर हळूहळू थेंबाने सोडत राहा, इतका हळू की आलेला मोनोमर लगेच खपून जाईल. नव्या कणांना झाकायला रिकाम्या मायसेल्समधला साबण आयताच तयार असतो. या वाटेने पॉलिमरचं प्रमाण २० टक्के आणि पुढे नेता येतं, आणि साबण पॉलिमरपेक्षा बराच कमी लागतो. कण थोडे मोठे होतात.

१४. मधेच मिश्रण पांढरं झालं. फेकून देऊ?

आधी कधी झालं ते आठवा. सुरुवातीलाच असेल तर तापमानामुळे मिश्रण एकप्रावस्थेच्या (सगळं एकजीव, नितळ राहण्याच्या हद्दीच्या) बाहेर गेलं (प्रश्न ५) किंवा पेंटॅनॉल उडून गेलं (प्रश्न ६). मधे झालं असेल तर कारण खोल आहे: मोनोमर संपत जातो तसं पेंटॅनॉलचं थेंब, पाणी आणि कण यांतलं वाटप बदलतं आणि सुरुवातीला जमलेला तोल सुटतो. काठावरचं मिश्रण निवडलं की हे होतं. पुढच्या वेळी पारदर्शक पट्ट्याच्या मध्यातलं प्रमाण घ्या. आजचं लेटेक्स (पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिमर-कणांचं मिश्रण) मात्र मोजून पाहा. कण मोठे असतील, पण निकामी असतीलच असं नाही.

१५. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात सुया दिसतात. पॉलिमरचे स्फटिक?

साध्या पॉलिस्टायरीनला स्फटिक होत नाहीत. त्या सुया साबणाच्या. एसडीएस साधारण १५-१६ अंशांच्या खाली पाण्यातून बाहेर पडू लागतं. आणि केपीएसमधला पोटॅशियम भेटला की पोटॅशियम डोडेसिल सल्फेट बनतं, ते तर खोलीच्या तापमानालाही सुटतं. मी स्वतः एकदा बारा नमुने असेच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी डोक्याला हात लावला होता. हलक्या कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुया विरघळतात, मात्र त्याआधी वरचं पाणी पिपेटने घेऊन डीएलएस केलं असेल तर तो आकडा रद्द. अमोनियम परसल्फेट वापरलं तर निम्मा त्रास संपतो.

१६. ॲक्रिलामाइडला हीच कृती चालेल?

नाही. ते पाण्यात विरघळतं, म्हणून सगळं उलटं करावं लागतं: तेलात पाण्याचे थेंब, सर्फॅक्टंट बहुधा एओटी. कांदो आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात हे बरंच पुढे नेलं. ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि त्वचेतून शिरतं, हातमोज्यांशिवाय डबाही उघडू नका.

१७. कन्व्हर्जन १०४ टक्के आलं. सर चिडले आहेत.

चिडू देत, कारण सापडतं. पहिली शंका वाळवण्यावर: एसडीएसच्या सायीखाली पेंटॅनॉल आणि पाणी अडकून राहतं, पेंटॅनॉल १३८ अंशांना उकळतं, घाईत जात नाही. दुसरी शंका नायट्रोजनवर: चार तास वारं वाहिलं तर पाणी उडून मिश्रणच दाट होतं, मग दोन ग्रॅम नमुन्यात तुम्ही धरलेल्यापेक्षा जास्त माल येतो. नायट्रोजन आधी पाण्याच्या बाटलीतून ओला करून घ्या. तिसरी, बशी ओव्हनमधून काढून थेट तराजूवर की डेसिकेटरमध्ये गार करून? वाळलेला साबण हवेतली ओल ओढतो, पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत आकडा चढतो. तिन्ही ठीक असतील तर शून्याचा नमुना काढा. तोही ‘चार टक्के पॉलिमर’ दाखवत असेल, तर तेवढे चार सगळ्या आकड्यांतून वजा करून सरांकडे जा.